आर्मेनियन चर्चची यात्रा काढायचीय? मग आधी चाळीसच नावं लिहा

गेल्या दोन वर्षांत आमच्या पॅरिशमधून, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळींतून, मुंबईतल्या फोर्टच्या आर्मेनियन चर्चची यात्रा दोनदा निघाली, पहिली फसली, दुसरी झाली, आणि आता आजूबाजूच्या पॅरिशमधली माणसं विचारायला लागलीत की ताई कसं केलंत जरा सांगा ना, तर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आम्ही गोराईचे, म्हणजे आधी खाडीतली बोट, मग बोरिवली स्टेशन, मग लोकल, तुम्ही वांद्रा-माहीम-दादरचे असाल तर तेवढा भाग सोडून वाचा.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं का सांगतेय ते कळेल. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, माईकवर जाहीर केलं, ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या, आणि आली त्रेसष्ट माणसं. पत्र नाही, फोन नाही, कुणाला विचारलेलं नाही. आमच्या डोक्यात असं की चर्च म्हणजे चर्च, उघडंच असणार, माऊंट मेरीला आपण काय विचारून जातो का. दुपारी साडेबाराला आम्ही त्रेसष्ट जण नगीनदास मास्टर रोडवर गेटसमोर उभे, गेट बंद, आतला माणूस म्हणतो साहेबांना विचारल्याशिवाय एवढ्या लोकांना नाही सोडता येणार, बरोबरच आहे त्याचं. मागून टॅक्सीवाले हॉर्न मारतायत, दोन म्हाताऱ्या फुटपाथवर बसल्या, फादर घामाघूम. शेवटी फुटपाथवरच एक 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं नि परत फिरलो. चूक शंभर टक्के आमची होती.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, की हे चर्च आपल्यासारखं रोज सकाळ-संध्याकाळ मिस्सा असलेलं चालतं-बोलतं पॅरिश नाही. संत पेत्राच्या नावाचं हे चर्च १७९६ चं, तेव्हा त्या रस्त्याला मेडोज स्ट्रीट म्हणायचे. जुनी इमारत आता राहिलेली नाही, त्या जागी गेल्या शतकात नवं छोटं चर्च बांधलं, आणि लागूनच अरारात नावाची बिल्डिंग. रस्त्यात कुणाला आर्मेनियन चर्च कुठे विचारलंत तर दहातले आठ जण मान हलवतील, अरारात बिल्डिंग विचारा. मुंबईत आर्मेनियन माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, सिरियन ऑर्थोडॉक्स पंथाची केरळी मंडळी तिथं उपासनेला जमतात म्हणून रविवार सकाळचा विचारच करू नका, कुणाच्या उपासनेत घोळका घेऊन घुसल्यासारखं होतं.

आणि एक, आमच्यातले काही जण अजूनही 'आर्मेनियन कॅथेड्रल' म्हणतात, पत्रात असं लिहू नका. कॅथेड्रल म्हणजे जिथं बिशपांचं आसन असतं ते, हे साधं चर्च आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात कॅथेड्रलच लिहिलं होतं, फादरांनी लाल पेनानं गोल केला.

आता चाळीसचं. ही संख्या मी हवेतून काढलेली नाही. आर्मेनियन व्यापारी मूळचे बरेचसे इराणातल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचे, इराणच्या शाह अब्बास बादशहानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना तिथं नेऊन वसवलेलं, आणि तिथून ते रेशीम नि जवाहीर घेऊन सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता सगळीकडे पसरले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला त्यांचा व्यापार आपल्याकडे हवा होता, म्हणून २२ जून १६८८ ला लंडनमध्ये ख्वाजा फानूस कलंदर या आर्मेनियन व्यापाऱ्याबरोबर करार झाला, आणि त्यात एक कलम असं की कंपनीच्या कुठल्याही शहरात चाळीस किंवा जास्त आर्मेनियन राहायला आले की त्यांना चर्चसाठी जागा द्यायची, कंपनीनं स्वखर्चानं लाकडी चर्च बांधून द्यायचं, आणि त्यांच्या धर्मगुरूला सात वर्षं वर्षाला पन्नास पौंड द्यायचे. म्हणजे चाळीस माणसं जमली की चर्च मिळायचं! मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, मग आपण पण चाळीसच न्यायची. गंमतीत म्हणाले पण हिशोब अगदी बरोबर बसतो, लहान चर्चमध्ये चाळीस जण दाटीवाटीनं का होईना बसतात, हॉटेलात दोन पाळ्यांत जेवतात, आणि चार लीडर असले की दहा-दहाचा गट होतो, मोजायला सोपं. एकेचाळिसाव्या माणसाला नाही म्हणायचं काम फादरांवर सोपवा, तुम्ही वाईट होऊ नका.

तयारी दोन महिने आधी सुरू करा, आणि पहिलं काम पत्र. पॅरिशच्या लेटरहेडवर, फादरांची सही, शिक्का. पत्रात कोण, किती, कुठल्या दिवशी, किती वाजता येणार, किती वेळ थांबणार, म्हातारी माणसं किती, व्हीलचेअर आहे का, आत फक्त बसून प्रार्थना करणार की गाणार पण, आणि एक फोन नंबर, एकच, तीन नंबर दिलेत की कुणीच उचलत नाही. पत्र नुसतं पाठवून गप्प बसू नका, दोघांनी जाऊन हातात द्या आणि त्याच वेळी जागा बघून या. मी आणि आमच्या झोन लीडरची मुलगी गेलो होतो एका शनिवारी. तिथं हे विचारून घ्या: गेट कोण उघडणार आणि त्या दिवशी तो सुट्टीवर असला तर कोण, चप्पल बाहेर काढायची का, मेणबत्ती लावायला परवानगी आहे का आणि कुठे, फोटो चालतात का, दानाची पावती मिळते का, आणि बाथरूम. शेवटचं विचारायला लाजू नका, साठीच्या पुढची पंधरा माणसं असली तर यात्रेचं सगळं वेळापत्रक त्याच एका गोष्टीवर चालतं.

आत आपल्या फादरांनी आपली मिस्सा करायची असं गृहीत धरू नका हं. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च रोमच्या अधिकाराखाली नाही, ४५१ च्या खाल्किदोनच्या परिषदेचे निर्णय त्यांनी मानले नाहीत, तेव्हापासून वेगळे. आता संबंध चांगले आहेत, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी नारेकचे संत ग्रेगरी या आर्मेनियन साधूला अख्ख्या चर्चचे आचार्य म्हणून जाहीर केलं, पण म्हणून कुणाच्या वेदीवर आपण न विचारता चढत नाही. आम्ही तिथं वचन वाचलं, एक माळ म्हटली, एक गीत, मेणबत्त्या, बस. मिस्सा नंतर कुलाब्याला, ते पुढे सांगते.

दिवस शनिवार. रविवारी उपासना असते शिवाय मेगाब्लॉक, बाकीच्या दिवशी ऑफिसची गर्दी नि नोकरीवाली माणसं येत नाहीत, शनिवारी फोर्ट अर्धा रिकामा असतो, उडपी हॉटेलं चालू असतात, आणि मुख्य म्हणजे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी दमलेल्यांना पहाटे उठायची सक्ती नाही. तारीख कुठली म्हणाल तर आम्ही २४ ऑगस्टच्या जवळचा शनिवार धरला, बर्थलमयाचा सण. पाऊस असतो, मान्य, पण त्याला कारण आहे.

कारण हे. परंपरा अशी की येशूच्या बारा प्रेषितांपैकी बर्थलमय आणि तद्दय या दोघांनी आर्मेनियात सुवार्ता नेली आणि बर्थलमयाला तिथंच हाल करून मारलं, अंगाची कातडी सोलली असं सांगतात. आणि त्याच बर्थलमयाबद्दल युसेबियस या चर्चच्या इतिहासकारानं चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पंतेनस हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला इथं आधीच मत्तयाचं शुभवर्तमान मिळालं, बर्थलमयानं आणून ठेवलेलं. आता हे हिंदुस्थान म्हणजे नक्की कुठलं यावर वाद आहेत, पण काही इतिहासकार म्हणतात ते कोकण किनाऱ्यावरचं कल्याण. आपलं कल्याण! डोंबिवलीच्या पुढचं! आमच्या घरात म्हातारी माणसं हे आधीपासून सांगायची, आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, पोर्तुगीजांच्या आधीपासूनचे वगैरे, आणि मी लहानपणी हसायचे. पुरावा पक्का आहे असं मी म्हणत नाही, पण यात्रेला जाताना हे सांगितलंत ना, की ज्या प्रेषितानं म्हणे आपल्या खाडीपलीकडे पाय ठेवला तोच पुढे ह्यांच्या देशात मेला, की मग माणसं 'कुठल्या तरी परक्यांचं चर्च बघायला' जात नाहीत. आमच्या शेजारची बाय, वय पंच्याहत्तर, पहिल्या वेळी यायला तयारच नव्हती, काय बघायचं त्यात म्हणाली, बर्थलमयाचं ऐकल्यावर सगळ्यात पहिलं नाव तिनं दिलं.

म्हणून यात्रेच्या आधीचे तीन शुक्रवार संध्याकाळी अर्धा अर्धा तास बसा, कुणाच्या अंगणात चालेल. पहिल्या शुक्रवारी बर्थलमय. दुसऱ्या शुक्रवारी संत ग्रेगरी, नारेकचे नव्हेत, त्यांच्या खूप आधीचे दुसरे, ज्यांना ते प्रकाश देणारा म्हणतात, ही गोष्ट मुलांना फार आवडते. आर्मेनियाच्या तिरिदात राजानं ग्रेगरीला एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यात टाकलं, तेरा वर्षं, साप-विंचवांत, आणि एक विधवा रोज वरून भाकरी टाकायची म्हणून तो जगला. पुढे राजालाच वेड लागलं, रानडुकरासारखा फिरायला लागला, बहिणीला स्वप्न पडलं की ग्रेगरीला काढा, काढला, त्यानं राजाला बरं केलं, राजानं बाप्तिस्मा घेतला. परंपरेनं साल ३०१ धरतात, म्हणजे ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म करणारा जगातला पहिला देश आर्मेनिया. त्या खड्ड्याची जागा अजून आहे, खोर विराप म्हणतात, यात्रेकरू शिडीनं खाली उतरतात.

तिसऱ्या शुक्रवारी लिपी आणि प्रार्थना. मेस्रोप माश्तोत्स नावाच्या साधूनं ४०५ च्या सुमाराला आर्मेनियन भाषेला स्वतःची लिपी दिली, छत्तीस अक्षरं, दोन नंतर वाढली, आणि हे सगळं कशासाठी तर बायबल आपल्या भाषेत यावं म्हणून. त्या अक्षरांत सगळ्यात पहिलं वाक्य लिहिलं गेलं ते नीतिसूत्रे अध्याय १ ओवी २, ज्ञान नि शिक्षण मिळावं, बुद्धीची वचनं समजावीत, त्या अर्थाचं. तेच वचन आम्ही तिथं वाचायला घेतलं, मराठीत, आमच्या आठवीतल्या मुलीनं वाचलं. लिपीचा एक तक्ता छापून मुलांना वाटा, घोड्याच्या नालांची रांग लावल्यासारखी दिसतात ती अक्षरं, आणि सांगा की जिथं जिथं दिसतील तिथं ओळखा. मुलं शांत राहतात, दुसरं काय हवं.

आणि एकच प्रार्थना त्यांच्या भाषेत शिकवा, जास्त नको. तेर वोघोर्म्या. म्हणजे हे प्रभो, दया कर. तेर म्हणजे प्रभू. पहिल्या दिवशी आमच्या अंगणात त्याचं 'तेरा वाघ मेला' झालं, बाय तर गंभीर चेहऱ्यानं म्हणत होती वाघ मेला वाघ मेला, पोरं हसून लोळली. पण तिसऱ्या शुक्रवारपर्यंत जमलं. घ चा उच्चार घशातनं, खाकरल्यासारखा, एवढंच सांगायचं.

प्रवासाचं. खासगी बसवाल्याच्या नादाला मी दुसऱ्या वेळी लागले नाही, पहिल्या वेळी परतीला दीड तास उशिरा आला नि वर वेटिंगचे पैसे मागितले. शिवाय फोर्टच्या त्या गल्ल्यांत मोठी बस उभी कुठे करणार. लोकलच बरी. सात वाजताची बोट, आठच्या आत बोरिवली स्टेशन, आणि मग चर्चगेट स्लो. फास्टचा मोह नको, म्हातारी माणसं घेऊन फास्टमध्ये चढणं म्हणजे कुस्ती. प्रत्येकाचं रिटर्न तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवायचं, पासवाले सुटले. दहा-दहाचे चार गट, प्रत्येक गटाच्या लीडरच्या हातात एक छत्री, आमच्याकडे चारही पिवळ्या मिळाल्या म्हणून घेतल्या आणि मग कुणाची कुठली तेच कळेना, तुम्ही वेगवेगळ्या रंगांच्या घ्या. ज्यांच्या पॅरिशजवळून भुयारी मेट्रो ३ जाते त्यांचं तर सोपंय, हुतात्मा चौक स्टेशनला उतरलं की चालत पाच-सात मिनिटं, लिफ्ट आहे.

चर्चगेटवरून चालत साधारण पंधरा मिनिटं, आपल्या लोकांबरोबर अर्धा तास धरा. मध्ये हुतात्मा चौकात थांबा, १८६४ चं ते कारंजं नि शेजारी हुतात्मा स्मारक, माणसं फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत, तर तो वेळ आधीच धरा म्हणजे चिडचिड होत नाही. आणि चर्चगेट हे नाव कुठून आलं तेही तिथंच सांगून टाका: फोर्टला पूर्वी खरीच तटबंदी होती, आणि सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला, नाव राहिलं.

आत गेल्यावर. आर्मेनियन चर्चमध्ये आपल्यासारखे पुतळे शोधू नका, नसतात जवळजवळ. वेदी उंचावर असते, नाटकाच्या रंगमंचासारखी, आणि तिच्यापुढे पडदा, उपासनेत ठराविक वेळी तो ओढतात आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पूर्ण काळात बंदच ठेवतात. त्या उंच भागावर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, मुलांना आधीच दम द्या. क्रूसाची खूण ते आपल्यासारखीच करतात, डावीकडून उजवीकडे, म्हणजे त्यात गोंधळ नाही. बायकांनी ओढणी किंवा पदर डोक्यावर घेतला तर बरं दिसतं. आमच्या दोघी-तिघी लुगडंवाल्या होत्या, त्यांचा पदर तसाही डोक्यावरच. नशिबानं तुम्हाला त्यांची उपासना मिळालीच, तिला बादारक म्हणतात, तर क्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभं राहू नका जोवर त्यांचे धर्मगुरू स्वतः बोलावत नाहीत. शेवटी मास नावाची पातळ भाकरी आशीर्वाद देऊन सगळ्यांना वाटतात, ती घ्या, ती पाहुण्यांसाठीही असते. नाव ऐकून दचकू नका, मांसाचा काही संबंध नाही.

आम्हाला बादारक मिळाली नाही. आम्ही आत गेलो, बसलो, आणि पहिली दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही, हे मी ठरवलेलं नव्हतं. बाहेर नगीनदास मास्टर रोडवरचा सगळा कलकलाट आणि आत पंख्याचा आवाज. मग वचन, मग माळेची पाच रहस्यं, मग चाळीस जणांनी तीनदा तेर वोघोर्म्या. जो माणूस पहिल्या वेळी गेटवर होता तोच दाराशी उभा होता, तिसऱ्या वेळी त्यानंपण हात जोडले. बायनं मेणबत्ती लावली ती किती वेळ लावतच होती, वात पेटेना, पंख्याचा वारा, शेवटी मुलीनं दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. कुणासाठी लावली विचारलं तर म्हणाली त्या भाकर टाकणारीसाठी. ग्रेगरीसाठी नाही, त्या विधवेसाठी. मी त्या शुक्रवारी तिचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं.

आत एक विनंती मेलेल्यांसाठीही ठेवा. १९१५ मध्ये तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, लाखोंनी मेले, दरवर्षी २४ एप्रिलला ते आठवण करतात, आणि २०१५ मध्ये त्यांच्या चर्चनं त्या बळींना संतपद दिलं. भाषण नको, एक ओळ पुरते.

एक तास पुष्कळ झाला. निघताना दान पेटीत टाका आणि गेट उघडणाऱ्या माणसाला विसरू नका, त्याला पाकिटात नाही, हातात हात घेऊन द्या.

जेवण दोन पाळ्यांत, दीड वाजून गेल्यावर, तोवर ऑफिसवाल्यांची गर्दी ओसरते. घरून काही नेऊ नका असं मी म्हणणार होते पण आमच्या बायका ऐकणार आहेत का, तीन डब्यांतून फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आले होते, ते लोकलमध्येच संपले. हॉटेलवाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, वीस-वीस राइस प्लेट, आणि बाथरूम तिथंच उरकून घ्या. मधुमेहवाल्यांचा एक वेगळा पिशवीभर खाऊ लीडरजवळ, बिस्किटं, केळी, साखरेच्या पुड्या.

जेवणानंतर सेंट थॉमस कॅथेड्रल, हॉर्निमन सर्कलजवळ, चालत जवळच. हे अँग्लिकन परंपरेचं. पाया १६७६ मध्ये घातला आणि मग चाळीसेक वर्षं भिंती तशाच अर्धवट उभ्या, १७१८ च्या नाताळला उघडलं, १८३७ मध्ये कॅथेड्रल झालं. म्हणजे ज्यांना कॅथेड्रल बघायचंच होतं त्यांची हौस इथं फिटते. भिंतीवरचे संगमरवरी दगड वाचत बसलात तर संध्याकाळ होईल, किती तरुण पोरं आजारानं मेली इथं येऊन. अर्धा तास, बस.

मग कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल, १९०५ चं, आपल्या आर्चबिशपांचं. चालायला लांब आहे म्हाताऱ्यांना, बेस्ट पकडा किंवा चार-चार जणांत टॅक्सी. संध्याकाळच्या मिस्सेची वेळ त्याच आठवड्यात फोन करून विचारा, वर्षभरापूर्वीच्या पत्रकावर जाऊ नका. मिस्सेच्या आधी पंधरा मिनिटं माणसांना नुसतं बसू द्या, पाय मोकळे होतात.

ज्यांना याच्या पुढे जायचंय, म्हणजे कलकत्त्याला, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथलं होली चर्च ऑफ नाझरेथ १७२४ चं, कलकत्त्यातलं सगळ्यात जुनं चर्च, बडाबाजारच्या गर्दीत. तिथं आर्मेनियन समाज अजून आहे, १८२१ पासूनची त्यांची शाळा आहे. जायचं तर ६ जानेवारी धरा, त्यांचा नाताळ तेव्हा, जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी, आणि पाण्यात क्रूस बुडवून पाणी आशीर्वादित करतात. ऑगस्टमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात, त्याआधी बरेच जण नवी द्राक्षं खातच नाहीत, आपण आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, नवी कणसं वेदीवर नेतो तसं अगदी. गाडी गीतांजली किंवा हावडा मेल, दीड दिवस धरून चाला, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि ऑनलाइन एका तिकिटावर सहाच जण, त्यामुळे चाळीस जणांसाठी रेल्वेला ग्रुप बुकिंगचा रीतसर अर्ज करा. पत्र मात्र इथल्यापेक्षा आधी, चार महिने.

परतीला चर्चगेटवरून बोरिवली स्लो, विरार अजिबात नाही. का ते पश्चिम रेल्वेच्या माणसाला सांगायला नको. गट मोजा: चर्चच्या दारात, हॉटेलबाहेर, चर्चगेटला इंडिकेटरखाली, बोरिवलीला उतरल्यावर, आणि जेट्टीवर. आमचे बोरिवलीला एकोणचाळीसच भरले, पोटात गोळा, सगळे इकडे तिकडे धावतोय, आणि मग कळलं की मोजणारी मी स्वतःला मोजायला विसरले होते.

पैशाचं: डोईला चारशे घेतले, मुलांचे अर्धे, तिकीट ज्याचं त्यानं. हिशोब व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी बोटीतच मोठ्यानं वाचून दाखवा, तिथून कुणी पळून जात नाही आणि शंका असेल तर तिथल्या तिथं मिटते. आमचे सहाशेवीस उरले, काय करायचं विचारलं तर कुणी म्हणालं चहा, कुणी म्हणालं पुढच्या वर्षीला ठेवा. बाय म्हणाली त्या गेटवाल्याला नाताळचा केक पाठवा. डिसेंबरमध्ये मी नेऊन दिला, आणि पुढच्या ऑगस्टचं पत्रपण तेव्हाच देऊन आले.